रॉकेटवर काम करणारा माणूस रोज देवपूजाही करतो, हे त्याच्या डोक्यात एकत्र कसं राहतं?

तुमचा प्रश्न खालच्या तपशिलासकट वाचला. उड्डाणाच्या आधी इस्रोची मोठी माणसं रॉकेटची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात, त्याच्या बातम्या येतात, आणि त्या वाचून तुम्हाला वाटतं की यातलं एक काहीतरी ढोंग असणार, विज्ञान तरी नाहीतर भक्ती तरी. असा माणूस कोणी घरात पाहिलाय का, असं तुम्ही शेवटी विचारलंय.

मी पाहिलाय. माझे सख्खे काका. १९७४ ते २०११ तिरुवनंतपुरमला विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात होते, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत गावच्या घरी वारले. मी स्वतः फारसा देवभोळा नाही, चिपळूणला औषधांचं दुकान चालवतो, त्यामुळे देवाची वकिली करायला बसलेलो नाही. जे बघितलं ते सांगतो. थोडं लांबेल.

आमचं गाव दापोली तालुक्यात, आंजर्ल्याजवळ. कड्यावरच्या गणपतीचं देऊळ माहीत असेल तर त्याच पट्ट्यात. आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, मागे थोडी नारळी-पोफळीची वाडी. पूल होण्याआधी जोग नदी तरीतून ओलांडावी लागायची. काका तशीच शाळा करून कराडच्या सरकारी कॉलेजात इंजिनिअर झाले आणि तिथून थेट केरळात. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ च्या जानेवारीत. त्याआधीची चोवीस वर्षं ते तिरुवनंतपुरमहून आधी मुंबई गाठायचे आणि मग रात्रभर एसटीने उलटे खाली यायचे. एवढं करून वर्षातून दोनदा यायचे. एकदा मे महिन्यात, आगोटीच्या आधी कौलं परतायला. एकदा भाद्रपदात, गणपतीला. त्यांचं काम काय हे आम्हा पोरांना कळत नव्हतं. गावात 'रॉकेटवाले' म्हणायचे, तेवढं पुरे होतं.

काम असं होतं. रॉकेटचं घन इंधन म्हणजे एक चिकट रबर, त्यात अमोनियम परक्लोरेट आणि अॅल्युमिनियमची भुकटी कालवलेली. हे मिश्रण पोलादी नळकांड्यात ओततात, मधे साचा उभा करून पोकळी ठेवतात, आणि दिवसेंदिवस ठरावीक उष्णतेत ठेवून घट्ट होऊ देतात. शेवटी ते खोडरबरासारखं होतं. पीएसएलव्ही म्हणजे उपग्रह कक्षेत नेणारं इस्रोचं रॉकेट, त्याच्या पहिल्या टप्प्यात हे इंधन सुरुवातीला सव्वाशे टनांच्या आसपास असायचं, नंतर १३९ टनांपर्यंत गेलं. ते जळून संपतं पावणेदोन मिनिटांत. आणि एकदा पेटलं की विझवता येत नाही. द्रव इंधनाचं इंजिन बंद करता येतं, हे नाही.

काकांचा विभाग गुणवत्ता तपासणीचा. या घट्ट झालेल्या इंधनात कुठे बुडबुडा राहिलाय का, केसाएवढी चीर आहे का, कडेच्या रबरी अस्तरापासून ते कुठे सुटलंय का, हे क्ष-किरणांनी आणि ध्वनिलहरींनी शोधायचं. दवाखान्यातल्या क्ष-किरणांचं तिथे काही चालत नाही, कितीतरी ताकदीचे लागतात. एवढ्या मोठ्या रॉकेटमध्ये एका चिरेने काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं. काका मागच्या पडवीत गेले आणि दोन शेण्या घेऊन आले. एक अख्खी चुलीत घातली, ती आपली धुमसत राहिली. दुसरीचे तुकडे करून घातले, भडका उडाला. "शेणी तेवढीच. हवेला लागणारी बाजू वाढली. रॉकेटमध्ये चीर गेली की तिच्या आतल्या दोन्ही बाजू पेटतात, गॅस जास्त होतो, दाब वाढतो आणि नळकांडं फुटतं." आजीने वर शेण्या फुकट घालवल्या म्हणून बोलून घेतलं, ते वेगळं.

ठोकून बघण्याची सवय त्यांच्या हाडात गेली होती. नारळ वाजवून बघणं कोकणात सगळेच करतात, पण हे भिंती वाजवायचे. चिऱ्याच्या भिंतीचा गिलावा बोटाच्या पेराने ठोकत चालायचे आणि पोकळ आवाज आला की खडूने गोल करून ठेवायचे. दिवाळीला घर रंगवायला आलेले गडी विचारायचे, हे गोल कसले? आई म्हणायची, भावजींचे.

आता भक्ती. रोज पहाटे आंघोळ, पूजा, अथर्वशीर्षाची अकरा आवर्तनं. उड्डाणासाठी श्रीहरिकोट्याला गेले की तिथेही. तिरुवनंतपुरमला पळवंगाडीचा गणपती आहे, किल्ल्याजवळ, लष्कराच्या देखरेखीखाली. तिथे ते दर मंगळवारी जायचे. त्या देवळात भक्त नारळ कठड्यावर आपटून फोडतात, एकामागून एक. काकांच्या कोकणी जिवाला ते बघवत नसे. "एवढ्यात आमच्या वाडीची वर्षाची सोलकढी झाली असती," म्हणायचे. पण स्वतःही एक आपटायचे.

मी नववीत असताना, मुलं जसा कावा करतात तसा केला. अथर्वशीर्षात पहिल्याच ओळींत म्हटलंय, 'त्वमेव केवलं कर्तासि', करणारा तूच एकटा. मी विचारलं, "काका, सगळं करणारा गणपतीच, तर तुमच्या तपासणीच्या कागदावर सही तुमची कशाला?" मला वाटलं, अडकले. ते गंध उगाळत होते, थांबलेही नाहीत. "कर्ता तो. सही माझी. फुटलं तर चौकशी समितीपुढे त्याला बोलवत नाहीत."

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्या मते इथे आहे. उरलेलं अर्धं १९९३ मध्ये.

त्या वर्षी गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला होती, आणि पीएसएलव्हीचं पहिलंवहिलं उड्डाण २० सप्टेंबरला, म्हणजे ऋषिपंचमीला. काका नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच गणपतीला आले नाहीत. मी अकरा वर्षांचा होतो. घरात ऋषीची भाजी शिजत होती, आजीचा उपास, आणि माजघरात रेडिओ लावून ठेवलेला. उड्डाण सकाळी पावणेअकराच्या सुमाराला झालं. आम्हाला कळलं संध्याकाळी, आरतीची झांज हातात घेतली असताना. रॉकेट कक्षेत पोचलंच नाही, उपग्रहासकट बंगालच्या उपसागरात गेलं. आरती झाली. 'घालीन लोटांगण'ला आजी उभीच राहिली, तिने प्रदक्षिणा घातली नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाडीत बोलणं सुरू झालं. गणपतीला आला नाही ना, मग असंच होणार. बोलणारी माणसं वाईट नव्हती, कळवळ्यानेच बोलत होती. आजीच्या मनाने मात्र ते घेतलं. पुढे अनंत चतुर्दशीची रात्र उलटली आणि पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मग रॉकेट कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. आजीच्या राहिलं.

काका दिवाळीत आले. बारीक झाले होते. पहिला टप्पा, म्हणजे ज्यात त्यांचा हात होता, तो नीट जळला होता, पण हे ते आपणहून सांगेनात, बाबांना खोदून काढावं लागलं. दुसरा आणि तिसरा टप्पा वेगळे होताना रॉकेटला हिसका बसला. तो सावरायचं गणित आतल्या संगणकाने करायचं होतं, त्यात एक आकडा त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेत मावेना, आणि रॉकेटचं तोंड भलतीकडे वळलं. आजीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते असेल रे. पण तू गणपतीला आला नाहीस."

काका म्हणाले, "आई, मी आलो असतो तरी तो आकडा मोठाच राहिला असता. आणि आपला गणपती एवढा कोत्या मनाचा नाही."

आजीला ते पटलं असं मला वाटत नाही. कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या उड्डाणाची वेळ आली तेव्हा तिने ग्रामदेवीला कौल लावायचं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कौल म्हणजे देवीच्या अंगाला कळ्या किंवा तांदूळ लावून गुरव प्रश्न विचारतो, उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. लग्न, विहीर, भावकीतलं भांडण, सगळ्याला लावतात. काकांचा त्यावर राग नव्हता. आमची विहीर कौल लावूनच खणलेली आहे, आणि खणण्याच्या दिवशी ते स्वतः हजर होते. पण आजीचं पत्र गेल्यावर त्यांचं उलट टपाली अंतर्देशीय आलं. ते मी वाचून दाखवलं होतं म्हणून लक्षात आहे. लिहिलं होतं, आई, हा कौल लावू नकोस. डावा पडला तर मी काय करू, रॉकेट थांबवू? उजवा पडला तर काय, तपासायचं सोडू? जे मला दिव्याखाली धरून बघता येतं ते देवीला विचारणं म्हणजे माझा आळस आहे.

आजीने माझ्याकडूनच उत्तर लिहून घेतलं. एकच वाक्य. मग देवीकडे मागू तरी काय?

त्याचं उत्तर आलं, मला रात्री झोप लागू दे, एवढं माग.

आजीने तेवढंच मागितलं का, याबद्दल मला शंका होती आणि ती खरी निघाली. १५ ऑक्टोबर १९९४ ला, दसऱ्याच्या आसपास, पीएसएलव्ही उडालं आणि ८०४ किलोचा उपग्रह जागेवर ठेवून मोकळं झालं. त्यानंतर आजीने सांगितलं की तिने कड्यावरच्या गणपतीला एकशे आठ नारळांचं तोरण बोललं होतं. काका त्या माघी उत्सवाला मुद्दाम रजा काढून आले. नारळ वाडीतलेच, पण सोलून, ओवून वर चढवायचे होते. मी आणि ते दोघांनी चढवले. मला वाटलं कुरकुर करतील, पत्रात एवढं लिहिलं होतं. ते म्हणाले, "नवस मी बोललेलो नाही. पण आईने बोलला म्हणजे ते माझं देणं झालं." अर्थात एकशे आठही नारळ त्यांनी वाजवून बघितले. चार बदलले.

तिरुपतीचं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. श्रीहरिकोट्याहून तिरुपती तसं जवळ, काका-काकू दोनतीनदा गेले, आपल्या आपण, मुलींना घेऊन. साहेब लोक प्रतिकृती घेऊन जातात त्याबद्दल त्यांना आम्ही छेडायचो. म्हणायचे, "जाऊ देत की. तिथे जायचंय म्हणून कोणी एक तपासणी कमी केली असती तर मी भांडलो असतो. तशी वेळ आली नाही." बस. यापुढे या विषयावर ते बोलत नसत, आणि मलाही यापुढे बोलण्यासारखं काही दिसत नाही.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. १९९६ च्या मे महिन्यात आम्ही तिरुवनंतपुरमला गेलो होतो. थुंबा म्हणजे आमच्यासारखंच गाव, माड, वाळू, मच्छीमारांच्या होड्या. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळून जातं म्हणून साराभाईंनी ती जागा निवडली. तिथे सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी गावकऱ्यांना समजावलं आणि ते चर्च अंतराळ संशोधनासाठी दिलं गेलं. भारतातून पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ ला उडालं, अमेरिकी बनावटीचं नायकी-अपाची, त्याची तयारी या चर्चच्या आवारात झाली. रॉकेटचे भाग सायकलवरून नेत, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. आता तिथे संग्रहालय आहे. आत रॉकेटांच्या प्रतिकृती मांडून ठेवल्यात.

काकांनी दारात चपला काढल्या. पहारेकरी मल्याळममध्ये म्हणाला, साहेब, इथे लागत नाही. काका त्यांच्या मोडक्या मल्याळममध्ये काहीतरी म्हणाले. काकूने नंतर अर्थ सांगितला, "एवढी वर्षं लोकांनी इथे गुडघे टेकलेत, ते काही कोणी पुसून काढलेलं नाही." मग आम्ही सगळेच अनवाणी हिंडलो. मेच्या उन्हात बाहेर आल्यावर फरशीने पाय भाजले ते अजून आठवतं.

काकूचं मल्याळम काकांपेक्षा चांगलं होतं. ती बाजारात आणि बसच्या पाट्यांवर शिकली. उड्डाणाच्या आधीचे महिने काका घरी नसायचे, दोन मुलींची शाळा, आजारपणं, सगळं तिने एकटीने रेटलं. काका हे जाणून होते. श्रीहरिकोट्याहून दर रविवारी दोन पत्रं निघायची, एक काकूला, एक आजीला. शिवाय आम्हा पोरांना पोस्टकार्डावर गणितं. एक अजून पाठ आहे. वीस मीटर उंच माडावरून नारळ पडायला किती वेळ लागेल? उत्तर दोन सेकंद. खाली टीप होती, 'दोन सेकंदांत जाग येत नाही, म्हणून माडाखाली झोपू नये.'

आजी गेली २००६ मध्ये. शेवटचे चार महिने काका रजा टाकून गावी होते. वरच्या पदाची एक संधी त्यात गेली, असं मला चुलत बहिणीकडून बऱ्याच वर्षांनी कळलं. त्यांनी कधी विषय काढला नाही. आजीला भरवताना मात्र मऊभाताचा प्रत्येक घास बोटाने चाचपून बघायचे, खडा आहे का म्हणून.

निवृत्तीनंतर गावी आले ते कायमचे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे. सकाळीच त्यांनी देव्हाऱ्यातले देव काढले, मऊ धोतरात एकेक गुंडाळले आणि तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात तांदळात पुरून ठेवले. काकू म्हणाली, अहो देवांना गुदमरेल. "हादरा बसता कामा नये," एवढंच. दुपारी निम्मी कौलं गेली, पडवीवरचा पत्रा शेजारच्या वाडीत सापडला, आमच्या एक्केचाळीस माडांपैकी सतरा पडले, पोफळी तर मोजल्याच नाहीत. वीज कितीतरी दिवस नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला, देव पुसले, आणि छप्पर नसलेल्या देवघरात पूजा झाली. अकरा आवर्तनं, एक कमी नाही. मग शिडी मागवली.

गणपतीची मूर्ती ठरवायला ते शाळेत जायचे. शाळा म्हणजे आमच्याकडे मूर्ती घडवतात ती जागा. हातात बॅटरी. शाडूची मूर्ती वाळताना मानेला, मनगटाला चिरा जातात, ते बॅटरी तिरपी धरून बघायचे, म्हणजे बारीक चीरही सावली टाकते. मूर्तिकार वैतागायचा. "इंजिनिअर आले रे, गणपती झाका," असं लांबूनच ओरडायचा. एका वर्षी खरंच सोंडेखाली चीर निघाली. मूर्तिकाराचं तोंड उतरलं, तो दुसरी दाखवायला लागला. काका म्हणाले, "राहू दे, हीच द्या. हिला उडायचं नाहीये, पाच दिवसांनी बुडायचंय." तो मूर्तिकार हे वाक्य अजून गिऱ्हाइकांना सांगतो.

१ जानेवारी २०२४ ला पीएसएलव्हीचं साठावं उड्डाण होतं, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. काकांना तेव्हा पलंगावरून उठवत नव्हतं. धाकट्या मुलीने मोबाइल समोर धरला. त्यांची एक सवय होती, उड्डाण कुठलंही असो, पहिला टप्पा जळून सुटेपर्यंतच बघायचं. त्यानंतर पडद्यावर टाळ्या वाजोत की काही होवो, हे उठून पूजेला. "माझं तेवढंच," म्हणायचे. त्या दिवशीही पहिला टप्पा सुटल्याचं ऐकलं आणि मोबाइल बाजूला करायला सांगितला. पूजा मी केली, ते पलंगावरून सांगत होते. मी अथर्वशीर्ष सातव्या आवर्तनालाच संपवलं. त्यांनी डोळे न उघडता चार बोटं दाखवली.

त्या वर्षी सुतक फिटलेलं होतं, त्यामुळे सप्टेंबरमध्ये गणपती आणला. मूर्ती आणायला मी गेलो. नेहमीप्रमाणे पाटावर पैसे ठेवले, विडा-सुपारी ठेवली आणि मूर्ती उचलायला वाकलो. मूर्तिकाराने माझा हात धरला. खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, त्याची बॅटरी लावली, मूर्ती पाटासकट हळूच फिरवली आणि उजेड मानेवर तिरपा धरला.

"इथे बघा आधी," तो म्हणाला. "ते इथून सुरू करायचे."